‘108 आहे, मग शाळेत पेटी कशाला?’ या मेसेजला उत्तर

खानदेशातल्या गावोगावच्या ग्रुपांवर फिरणाऱ्या एका मेसेजचा आशय असा: जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रथमोपचार पेटीवर पैसे घालणं वाया आहे. 108 ला फोन केला की गाडी येते. तोवर घरचे उपाय आहेतच: साप चावला तर वर दोरी आवळा आणि ब्लेडने चीर द्या, भाजलं तर टूथपेस्ट लावा, फिट आली तर कांदा हुंगवा. शिवाय गुरुजींनी हात लावला आणि पोराचं काही बरंवाईट झालं, तर केस गुरुजींवरच. यातलं एकही वाक्य तसंच्या तसं सोडून देण्यासारखं नाही.

‘108 ची गाडी येते’

येते. महाराष्ट्रात ही सेवा 2014 पासून आहे, मोफत आहे, आणि पहिला फोन तिथेच करायचा. पण भुसावळच्या हमरस्त्यावरची शाळा आणि धडगाव तालुक्यातल्या पाड्यावरची शाळा, दोघींसाठी ‘गाडी येते’ याचा अर्थ सारखा नाही. सातपुड्यात अजूनही काही पाड्यांवरून रुग्णाला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. नर्मदाकाठच्या गावांसाठी तर तरंगता दवाखाना चालवावा लागला. आणि गाडी दहा मिनिटांत आली तरी घशात घास अडकलेल्या पोराकडे दहा मिनिटं नसतात. पोराला खोकता-बोलता येत नसेल, तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच जोरदार थापा, मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर आत-वर असे पाच दाब, आणि घास सुटेपर्यंत आलटूनपालटून हेच. हे शाळेतल्या माणसालाच करावं लागतं.

108 लाही तयारी लागते. एकाच नावाची गावं दोन-तीन तालुक्यांत असतात, म्हणून पाडा, गाव, तालुका, जिल्हा आणि जवळची खूण असा पत्ता ठळक अक्षरांत भिंतीवर लिहिलेला हवा. मोबाईलला रेंज कुठे मिळते ती जागा सगळ्यांना माहीत हवी. एकाने फाट्यावर जाऊन उभं राहायचं. गावातल्या दोन जीपवाल्यांचे नंबर त्याच भिंतीवर असू द्या.

‘साप चावला तर दोरी आणि ब्लेड’

मेसेजमधला सर्वांत घातक सल्ला हाच. आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. घोणस आणि फुरशाच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. अशा वेळी ब्लेडने दिलेली चीर वाहतच राहते. घट्ट दोरीने हातापायाचा रक्तपुरवठा तुटतो, विष एका जागी साचून मांस सडतं, आणि दवाखान्यात दोरी सोडताच अडलेलं विष एकदम अंगात जातं. चोखून विष बाहेर येत नाही.

करायचं ते असं. मुलाला खाली बसवा किंवा आडवं करा, चालू देऊ नका; स्नायू हलले की विष लवकर पसरतं. सूज चढण्याआधी कडं, पैंजण, अंगठी, बूट काढा. चावलेल्या हातापायाला फूटपट्टी किंवा पुठ्ठा लावून सैल पट्टी बांधा, फक्त हलू नये इतपत. चावल्याची वेळ मुलाच्या हातावर पेनाने लिहा. उचलून गाडीत घाला आणि वाटेत कुणाही भगताकडे थांबू नका. साप पकडायच्या मागे लागू नका. आपल्याकडची सर्पदंशाची लस, म्हणजे दंशानंतर द्यायचं विषावरचं इंजेक्शन, या चारही सापांच्या विषावर एकच असते.

मण्यारीबद्दल विशेष सावध राहावं. तिचा दंश बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्यांना होतो. दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. सकाळी शाळेत आलेल्या मुलाचं पोट दुखतंय, पापण्या जड होऊन खाली येताहेत, बोलणं अडखळतंय, तर ‘झोप झाली नसेल’ म्हणून बाकावर डोकं ठेवू देऊ नका. थेट दवाखाना.

लस शाळेत ठेवता येत नाही, कारण तिची जीवघेणी रिॲक्शन येऊ शकते आणि ती सांभाळायला डॉक्टरच लागतो. सुरुवातीची मात्रा साधारण 10 कुप्यांची, आणि मुलालाही मोठ्या माणसाइतकीच. साप पोराला पाहून कमी विष सोडत नाही. तेव्हा जवळच्या कोणत्या दवाखान्यात लस आणि ऑक्सिजन दोन्ही आहेत, हे जूनमध्येच विचारून ठेवावं.

‘टूथपेस्ट, कांदा’

खिचडीचं पातेलं उतरवताना भाजणं हा शाळेतला ठरलेला धोका. त्यावर औषध एकच: साधं पाणी, 20 मिनिटं. नळ नसेल तर मगाने ओता. टँकरच्या गावात खाली घमेलं ठेवा आणि तेच पाणी पुन्हा वापरा. बर्फ नको. टूथपेस्ट आणि हळद आतली उष्णता कोंडून ठेवतात, आणि डॉक्टरला आधी ते खरवडावं लागतं. फोड फोडू नका, धुतलेल्या सुती कापडाने सैल झाका.

फिट आली तर कांदा, चप्पल, चमचा काहीही नको. कुशीवर वळवा, डोक्याखाली दप्तर द्या, घड्याळ पाहा. 5 मिनिटांत थांबली नाही तर 108. कुत्रा चावला तर चुना-तिखट न लावता साबण लावून वाहत्या पाण्याने 15 मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. मोगली एरंडाच्या बिया खाल्ल्या, कपाशीवरचं औषध पोटात गेलं, तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. बी किंवा बाटली सोबत न्या. उन्हाळ्यात घोळणा फुटला तर मान मागे नाही, पुढे झुकवा आणि नाकाचा मऊ भाग सलग 10 मिनिटं दाबून धरा.

‘केस गुरुजींवरच होईल’

ही भीती खरी आहे आणि तिची टिंगल करू नये. पण भारतीय न्याय संहितेचं कलम 30 (जुन्या दंडविधानातलं 92) सांगतं की पालकांची संमती घ्यायला वेळ नसताना, त्या व्यक्तीच्या भल्यासाठी, सद्‌भावनेने केलेलं कृत्य त्यातून इजा झाली एवढ्यावरून गुन्हा ठरत नाही. कायद्यात सद्‌भावना म्हणजे नीट काळजी आणि लक्ष देऊन केलेलं काम. पाणी ओतणारा शिक्षक त्यात बसतो. ब्लेड चालवणाऱ्याला मात्र उत्तर देणं जड जाईल.

‘पैसे वाया’

समग्र शिक्षा योजनेत संयुक्त शाळा अनुदानाचा दर 30 पर्यंत पटाला 10,000 रुपये आणि 31 ते 100 पटाला 25,000 रुपये आहे. पेटी त्याचा लहानसा भाग खाते. शंभर मुलांसाठी: निर्जंतुक गॉजचे 20 तुकडे, रोलर बँडेज 12, क्रेप बँडेज 2, त्रिकोणी पट्ट्या 4, कागदी चिकटपट्टी 2, हातमोजे 10 जोड्या, बोथट कात्री, चिमटा, थर्मामीटर, साबण, पॉव्हिडोन आयोडीनची एक बाटली, ओआरएसची 1 लिटरची 10 पाकिटं आणि 1 लिटरची खूण केलेली बाटली. कापूस नको, जखमेला चिकटतो. ॲस्पिरिन तर मुलांना कधीच नको.

ती मापाची बाटली विसरू नका. एप्रिलात सकाळची शाळा सुटून पोरं 42 अंशांत घरी निघतात, आणि सगळं पाकीट एका ग्लासात कालवून द्यायची चूक हमखास होते. त्या खारट पाण्याने उलट्या आणि तहान वाढते. मूल बरळत असेल, अंग तापलं असेल, तर तोंडात काहीही न घालता सावलीत न्या, अंग ओलं करून वारा घाला आणि गाडी बोलवा.

पेटी कपाटात कुलूपबंद आणि किल्ली तालुक्याला मीटिंगला गेलेल्या मुख्याध्यापकांच्या खिशात, असं व्हायला नको. मोठ्यांच्या हाताच्या उंचीवर, कुलपाशिवाय, सावलीच्या भिंतीवर टांगा. पत्र्याच्या बंद खोलीत मे महिनाभर राहिलेल्या चिकटपट्टीचा डिंक उतरलेला असतो आणि पावसाळी दमटीत ओआरएसचे गोळे होतात. झाकणाच्या आत यादी चिकटवा, वापरलेली वस्तू त्याच दिवशी खोडा, आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मुदतीच्या तारखा दोघांनी मिळून वाचा.