‘वेबसाइट म्हणजे एका दुपारचं काम’ असं लहान धंदेवाल्यांना सांगू नका

एक मेसेज सध्या वेगवेगळ्या ग्रुप्समधून फिरतोय, दरवेळी शब्द थोडे बदललेले असतात पण गाभा तोच. लहान धंद्याची वेबसाइट म्हणजे एका दुपारचं काम, प्लॅनिंग वगैरे मोठ्या कंपन्यांनी करावं, तुम्ही एक टेम्प्लेट (तयार साचा) घ्या, ते मोबाइलवर आपोआप बसतं, मजकूर नंतर भरा, डोमेन (साइटचं नाव) आणि होस्टिंग (साइट ठेवायची सर्व्हरवरची जागा) यांचं काय ते बनवणारा बघेल, एसईओचं, म्हणजे शोधात वर दिसण्यासाठीचं, प्लगइन (साइटला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) टाकलं की गूगलवर वर येता, साइट एकदा लाइव्ह झाली की विषय संपला, आणि एवढंही जमत नसेल तर सोशल मीडियाचं पेज पुरे.

लहान व्यावसायिकांच्या साइट बनवणं हेच माझं रोजचं काम आहे. असं काहीतरी वाचून घाईघाईत साइट केलेले लोक नंतर येतात तेव्हा त्यांचे पैसे तर गेलेले असतातच, पण ‘आपल्या धंद्याला वेबसाइटचा उपयोग नाही’ हेही त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, आणि मला जास्त वाईट वाटतं ते त्याचंच. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘एका दुपारचं काम आहे’

यात खरं आहे तेवढं आधी मान्य करतो. पानं उभी करायला खरंच एक दुपार पुरते. वर्डप्रेस हे साइट बनवायचं सॉफ्टवेअर २००३ पासून आहे आणि फुकट आहे, त्यानंतर ओढा-सोडा पद्धतीचे बिल्डर आले, आता तर एआयला दोन ओळी सांगितल्या की पाच पानांची दिसायला बरी साइट तयार होते. त्यामुळे ‘वेबसाइट बनवणं फार अवघड असतं हो’ असं सांगून कोणी घाबरवत असेल तर तेही चूकच.

पण वेळ जातो तो पानं बनवण्यात जातच नाही. तो जातो ठरवण्यात. साइटवर कोण येणार, येताना त्याच्या डोक्यात कुठला प्रश्न असणार, आणि उत्तर मिळाल्यावर त्याने काय करावं, फोन करावा, अपॉइंटमेंट घ्यावी की ऑर्डर टाकावी? या तीन गोष्टी धंद्याच्या मालकाशिवाय कोणालाच माहीत नसतात, टेम्प्लेट बनवणाऱ्याला नाही आणि एआयलाही नाही. मोठ्या कंपनीत हे शोधायला वेगळी टीम बसवतात, लहान धंद्यात ते मालकाच्या डोक्यात आयतं असतं, फक्त कागदावर आणायचं असतं. म्हणजे प्लॅनिंग लहान धंद्याला उलट सोपं आहे, आणि नेमकं तेच सोडून द्या असं हा मेसेज सांगतोय.

‘टेम्प्लेट आधी घ्या, मजकूर नंतर भरा’

सगळ्यात जास्त नुकसान या सल्ल्याने होतं. टेम्प्लेटमध्ये वर एक मोठा फोटो असतो, खाली तीन चौकोन असतात, त्याखाली ‘आमच्याबद्दल’, मग ग्राहकांचे अभिप्राय. आता या जागा भरायच्या म्हणून माणूस लिहायला बसतो, आणि तीन चौकोन आहेत म्हणून तीन गोष्टी शोधून काढतो: दर्जा, विश्वास, अनुभव. अशा साइट मी इतक्या बघितल्यात की नाव झाकलं तर धंदा कुठला ते ओळखता येत नाही.

एक उदाहरण घेऊ. वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाची साइट आहे. तिच्यावर पहिलं वाक्य असतं, ‘ग्राहकांना दर्जेदार सेवा देण्यास आम्ही कटिबद्ध आहोत.’ आता ही साइट उघडतो कोण? ज्याचं मशीन आत्ता बंद पडलंय, ड्रममध्ये पाणी भरलेलं आहे, दार उघडत नाहीये, आणि तो उभ्याउभ्या फोनवर शोधतोय. त्याला कटिबद्धतेशी काही देणंघेणं नाही. त्याला चार गोष्टी हव्यात: माझ्या कंपनीचं मशीन करता का, माझ्या भागात येता का, कधी येणार, आणि नुसतं बघायचे किती घेता. मग पहिल्या स्क्रीनवर लिहायचं ते असं: ‘फ्रंट लोड आणि टॉप लोड, दोन्ही मशीन घरी येऊन दुरुस्त करतो. सकाळी ११ च्या आत फोन केलात तर बहुतेक वेळा त्याच दिवशी येतो. तपासणीची फी आधी सांगतो, काम दिलंत तर ती बिलातून वजा होते.’ आणि त्याच्या लगेच खाली फोन नंबर, बोट लावलं की कॉल लागेल असा. झालं, याला डिझायनर लागत नाही. मालकाने गेल्या महिन्यात आलेले फोन आठवायचे आणि लोक पहिल्या मिनिटात काय विचारतात ते लिहून काढायचं, बस. त्या यादीतूनच पानं किती हवीत तेही कळतं, कित्येकांना एकच लांब पान पुरतं, आणि मग त्या मजकुराला शोभेल असं टेम्प्लेट शोधायचं. क्रम हा असा आहे, उलटा नाही.

किंमत लिहावी की नाही यावर लोक फार अडून बसतात. माझं मत स्पष्ट आहे, नेमका आकडा देता येत नसेल तरी ‘इथून सुरू’ एवढं लिहा आणि ती कशावर वाढते ते सांगा. काहीच लिहिलं नाही तर माणूस विचारायला फोन करत नाही, तो मागे जाऊन पुढची साइट उघडतो.

‘डोमेन-होस्टिंगचं बनवणारा बघेल’

इथे मात्र हात जोडून सांगतो, हे करू नका. डोमेन म्हणजे तुमचा पत्ता, आणि तो ज्याच्या नावावर रजिस्टर झालाय त्याचा असतो. रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या, रेकॉर्डमध्ये मालक म्हणून बनवणाऱ्याचं नाव आणि त्याचाच ईमेल असेल तर उद्या त्याने धंदा बंद केला, नंबर बदलला, तुमचं वाजलं, काहीही झालं तरी तुम्ही तुमच्याच नावासाठी त्याच्या मागे फिरणार. भांडण नसतानाही हे होतं. मुदत संपायच्या साधारण महिनाभर आधी एक आणि आठवडाभर आधी एक अशी आठवण रजिस्ट्रारने पाठवायची असा आयकॅनचा (डोमेन नावांची व्यवस्था बघणाऱ्या जागतिक संस्थेचा) नियम आहे, पण ती जाते नोंदवलेल्या ईमेलवर, आणि तो ईमेल तुमचा नसेल तर तुम्हाला कळतं ते साइट बंद पडल्यावरच. डॉटकॉमसारखं डोमेन मुदत संपून डिलीट झालं तर त्यानंतर ३० दिवस ते सोडवून घेता येतं, पण त्याची फी नेहमीच्या रिन्यूअलपेक्षा बरीच जास्त असते, आणि तेही निघून गेलं तर नाव कोणालाही घ्यायला मोकळं. रजिस्टर केल्यावर आपला ईमेल व्हेरिफाय करायचा मेल येतो तोही दुर्लक्ष करण्यासारखा नाही, १५ दिवसांत व्हेरिफाय झाला नाही तर डोमेन बंद केलं जाऊ शकतं.

म्हणून डोमेन स्वतःच्या अकाउंटवर, स्वतःच्या कार्डाने, जो ईमेल तुम्ही रोज बघता त्यावर घ्या. डोमेन १० वर्षांपर्यंत एकदम घेता येतं, निदान ऑटो रिन्यूअल तरी चालू ठेवा. आणि ईमेल नोंदवताना त्याच डोमेनवरचा देऊ नका, कारण डोमेन बंद पडलं की तो ईमेलही बंद पडतो आणि लॉगिन परत मिळवायचा रस्ताच जातो.

याला लागूनच एक गोष्ट आहे जी या फिरत्या मेसेजमध्ये कधीच नसते. साइट नवीन होस्टिंगवर हलवताना बनवणारा म्हणतो नेमसर्व्हर बदला, म्हणजे डोमेनच्या नोंदी जिथे ठेवलेल्या असतात तो सर्व्हर बदला. नेमसर्व्हर बदलला की त्या डोमेनच्या सगळ्याच नोंदी नव्या ठिकाणाहून वाचल्या जातात, फक्त वेबसाइटची नाही. मेल कुठे पोचवायचा ते सांगणारे एमएक्स रेकॉर्ड आधी नव्या जागी उतरवून घेतले नाहीत तर साइट झकास दिसते आणि मेल येणं थांबतं. हे एका ग्राहकाकडे झालेलं मी जवळून बघितलंय, त्यांच्या आधीच्या बनवणाऱ्याने शुक्रवारी संध्याकाळी बदल केला, शनिवार-रविवार मेल शांत म्हणून कोणाला काही वाटलं नाही, आणि सोमवारी एका जुन्या गिऱ्हाइकाने फोन करून विचारलं की तुम्हाला पाठवलेला मेल परत का येतोय. तोवर ज्यांचे मेल परत गेले त्यातले किती जण दुसरीकडे गेले ते कधीच कळणार नाही. डोमेनच्या या जुन्या नोंदींचा (त्यांना डीएनएस नोंदी म्हणतात) एक स्क्रीनशॉट काढून ठेवला असता तर हे टळलं असतं.

‘एसईओ प्लगइन टाका, गूगलवर पहिले या’

गूगलने स्वतःच्या मार्गदर्शनात सरळ लिहिलंय की पहिल्या नंबरची हमी कोणीच देऊ शकत नाही. त्याच मार्गदर्शनात हेही आहे की सुधारणा केल्यावर परिणाम दिसायला बहुतेक वेळा चार महिने ते एक वर्ष लागतं. प्लगइन काय करतं तर शीर्षक, वर्णन, साइटमॅप (साइटवरच्या पानांची यादी) या गोष्टी नीट भरायला मदत करतं, आणि तेवढ्यासाठी ते चांगलंच आहे, जरूर टाका. पण शीर्षकात काय लिहायचं ते त्याला कुठून कळणार? ‘होम’ असं शीर्षक असलेली पानं आजही दिसतात. आणि अजूनही कीवर्डची (शोधायच्या शब्दांची) यादी मेटा टॅगमध्ये, म्हणजे पानाच्या न दिसणाऱ्या कोडमध्ये, कोंबून देणारे लोक आहेत, गूगलने २००९ मध्येच जाहीर केलं होतं की तो टॅग ते रँकिंगसाठी वापरत नाहीत, तरी त्या कामाचं बिल लावलं जातं.

ज्याचा धंदा एका परिसरापुरता आहे त्याने आधी गूगल बिझनेस प्रोफाइल (गूगल सर्च आणि मॅपवर दिसणारी धंद्याची नोंद) नीट भरावं, नाव-पत्ता-फोन साइटवर आहे तसाच तिथे ठेवावा, वेळा खऱ्या ठेवाव्यात. गूगलच्या सर्च कन्सोल या साधनाला साइट जोडावी, ते फुकट आहे आणि लोक नेमकं काय टाइप करून आले ते त्यात दिसतं. आणि मजकूर फोटोत लिहून टाकू नका, कित्येकांचं दरपत्रक नुसती इमेज असते, मग शोधणाऱ्याला ते सापडण्याचा भरवसा नाही आणि स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर (स्क्रीन रीडर) वापरणाऱ्या अंध माणसाला तर ते मिळतच नाही.

‘टेम्प्लेट मोबाइलवर आपोआप बसतं’

बसतं, पण फोटो तुम्ही टाकता ना. फोनच्या कॅमेऱ्यातला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवला, असे सहा लावले, की साध्या मोबाइल नेटवर्कवर पान उघडेपर्यंत माणूस निघून जातो. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा असा गूगलचा मापदंड आहे. फोटो लहान करून टाका, आणि साइट वायफायवर नाही तर मोबाइल डेटावर, एखाद्या जुन्या फोनवर उघडून बघा.

‘लाइव्ह झाली की विषय संपला’

लाइव्ह झाल्यावर पहिली गोष्ट करायची ती म्हणजे स्वतःच्याच साइटवरचा चौकशीचा फॉर्म भरायचा, अनोळखी माणसासारखा, आणि तो मेल खरंच इनबॉक्समध्ये येतोय का बघायचं. बऱ्याच वेळा येत नाही. वर्डप्रेस मेल पाठवतं होस्टिंगच्या सर्व्हरवरून, आणि तो सर्व्हर तुमच्या डोमेनच्या नावाने मेल पाठवायला अधिकृत आहे असं डोमेनच्या एसपीएफ-डीकेआयएम नोंदींमध्ये (मेल खरंच तुमचा आहे हे तपासायच्या नोंदी) नोंदवलेलं नसेल तर समोरची मेल सेवा तो स्पॅममध्ये टाकते किंवा घेतच नाही. फॉर्म भरणाऱ्याला मात्र ‘धन्यवाद, लवकरच संपर्क करू’ असं दिसलेलं असतं. तो वाट बघतो, तुम्हाला पत्ताच नाही, आणि त्याच्या मनात नाव तुमचं खराब होतं. हा फॉर्म महिन्यातून एकदा तरी भरून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

बाकी मग प्लगइन अपडेट करणं, बॅकअप होस्टिंगच्या बाहेर कुठेतरी ठेवणं आणि तो परत चढतो का एकदा तपासणं, एसएसएल सर्टिफिकेट (साइटचं कनेक्शन सुरक्षित ठेवणारं) चालू आहे ना बघणं. लेट्स एन्क्रिप्ट या सेवेमुळे सर्टिफिकेट फुकट मिळतं, बहुतेक होस्टिंगवाले आपोआप लावतात, पण ते आपोआप रिन्यू होणं कधीकधी अडकतं आणि मग ब्राउझर येणाऱ्याला पूर्ण पानभर इशारा दाखवतो. सुट्टीच्या वेळा, बदललेले दर, बंद केलेल्या सेवा हेही तितकंच महत्त्वाचं, कारण चुकीची वेळ वाचून बंद दारापाशी आलेला माणूस पुन्हा येत नाही.

‘नाहीतर सोशल मीडियाचं पेज पुरे’

पेज असावंच, ज्यांचं गिऱ्हाईक तिथेच असतं त्यांच्यासाठी ते पहिलं साधन आहे हे मी कधीच नाकारत नाही. पण ‘पुरे’ हा शब्द मला मान्य नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही एकदम सुमारे सहा तास बंद होते, ज्यांच्या ऑर्डरी फक्त तिथून यायच्या त्यांना त्या वेळात गिऱ्हाइकाला कळवायलाही जागा नव्हती. आणि बिझनेस प्रोफाइलवरून गूगल जी फुकट छोटी वेबसाइट बनवून द्यायचं ती सोय त्यांनी मार्च २०२४ मध्ये बंद केली. त्या पत्त्यांवर येणारे लोक १० जून २०२४ पर्यंत प्रोफाइलकडे वळवले जात होते, त्यानंतर तेही थांबलं. ज्यांनी तो पत्ता व्हिजिटिंग कार्डावर, पाटीवर, बिलावर छापला होता त्यांना सगळं नव्याने छापावं लागलं. ज्यांनी स्वतःचं डोमेन घेऊन ते तिकडे जोडलं होतं त्यांना फक्त डोमेन दुसऱ्या साइटकडे वळवायचं होतं, छापलेलं सगळं तसंच चाललं. म्हणून आज साइट करायची नसेल तरी निदान डोमेन घेऊन ठेवा, ते सध्याच्या पेजकडे वळवा आणि सगळीकडे तोच पत्ता छापा, साइट तयार झाली की मग ते तिकडे वळवता येईल.