परदेशी शिकवायला निघालात? आधी शिंपी गाठा

मस्कतच्या नाहीतर कुवेतच्या शाळेतून नेमणुकीचं पत्र आलं म्हणता? अभिनंदन. आता पुस्तकं चाळायच्या भानगडीत पडू नका. तुमचं बीएड आणि दहावीचा शंभर टक्के निकाल फायलीत पडून राहणार. वर्गात शिरणार ते कपडे. तेव्हा म्हापशाचा शुक्रवारचा बाजार उरकला की तसंच शिंप्याकडे वळा.

पुरुषांनी लग्नातला सूट काढावा. पँट कमरेला बसायची नाही. मागची शिवण उसवून दोन बोटं सैल करून घ्या. जुन्या शिवणीची पांढुरकी रेघ गडद निळ्या कापडावर उठून दिसेल, इस्त्रीला दाद देणार नाही. पण कोट तिच्यावर पडतो. फक्त वर्गात हात उंचावू नका. फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागावर मावेल तेवढंच शिकवा.

कोटात उकडेल? कुवेतमधल्या मित्रिबा इथं जुलै २०१६ मध्ये पारा ५३.९ अंशांवर गेला होता खरा, पण जुलैत शाळेला सुटी असते. एरवी वर्गातला एसी असा की जूनच्या पावसात भिजून आल्यासारखं वाटेल.

बाईंनी खांदे आणि गुडघे झाकावेत, एवढीच तिथली अपेक्षा. तुमच्या सासूबाईंची यादी याहून लांब आहे, म्हणजे सराव झालेलाच आहे. शिवाय कळंगुटला अर्ध्या चड्डीत फिरणाऱ्या पाहुण्यांकडे पाहून इतकी वर्षं नाकं मुरडलीत, ती मेहनत वाया जाणार नाही. आता पाहुणे तुम्ही.

कॅनडात क्वेबेकला जाणार असाल तर प्रकरण नाजूक आहे. तिथल्या २०१९ च्या कायद्यानं सरकारी शाळेतल्या शिक्षकांना धार्मिक चिन्हं घालायला बंदी केली. मात्र कायद्याआधीपासून त्याच पदावर असलेल्यांना सूट आहे. म्हणजे एकाच स्टाफरूममधल्या दोन बाईंच्या डोक्यावर सारखाच रुमाल असला, तरी कुठला चालतो ते नेमणुकीच्या तारखेवरून ठरणार. तेव्हा मंगळसूत्र हा धर्म की दागिना, याचा निकाल घरीच लावून निघा. सासूबाईंना विचारलंत तर विमान चुकेल.

जपानला निघालेल्यांनी सगळा खर्च मोज्यांवर करावा. शाळेच्या दारात बाहेरचे बूट उतरवून आतले घालायचे असतात. वरून टाय बांधलेले सर आणि खालून मोज्यातून डोकावणारा अंगठा, हे दर्शन मुख्याध्यापकांना पहिल्याच सकाळी घडू नये. टायचं म्हणाल, तर तिथलं सरकारच २००५ पासून उन्हाळ्यात कचेऱ्यांना टाय-कोट सोडा म्हणून सांगतंय. तुम्ही सोडू नका. म्हापशात पैसे मोजलेत.

आणि व्हिसा अडकलाच, तर पत्रादेवीचा नाका ओलांडून सिंधुदुर्गात जा. १९६१ पर्यंत आम्हा गोवेकरांना तोही परदेशच होता, आणि कपड्यांच्या बाबतीत तो कुणाला हार जाणारा नाही. महाराष्ट्र सरकारनं मार्च २०२४ मध्ये शिक्षकांसाठी फर्मान काढलं: जीन्स नको, टी-शर्ट नको, चित्रविचित्र नक्षीचा शर्ट नको, पुरुषांनी शर्ट इन करावा, बाईंनी साडी नेसावी किंवा ओढणीसह सलवार-कुर्ता घालावा. वर नावाआधी ‘टीआर’, म्हणजे टीचर, लावायची मुभा. ती जरूर घ्या. नाहीतर नीट इन केलेला शर्ट पाहून पालक तुम्हाला विम्याचा एजंट समजतील.