नळीतून अन्न जातंय की नुसतं पाणी?

डाएटेटिक्सचं शिक्षण संपवून जी मुलंमुली आता इंटर्नशिपसाठी कॅन्सर रुग्णालयात जाणार आहेत त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या घरात तोंडाच्या कॅन्सरचा रुग्ण आहे त्यांच्यासाठी, नाकातल्या नळीतून द्यायच्या अन्नाबद्दल हे लिहितेय. पोस्ट लांब आहे, पण स्वयंपाकघरात कामाला येईल.

महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ साली आली. तंबाखू, मावा, मिश्री मात्र सुटली नाही, आणि तोंडाचा कॅन्सर वॉर्डातून हलला नाही. जिभेचं, गालाचं, जबड्याचं ऑपरेशन झालं की अनेकांना नाकातून नळी घालतात. सगळे तिला राईल्स ट्यूब म्हणतात. पुढे गरज असेल तर रेडिएशन, आठवड्याचे पाच दिवस, सहा-सात आठवडे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड आतून सोलून निघतं, थुंकी गिळणंसुद्धा नकोसं होतं. या काळात वजन घसरतं आणि घरचे म्हणतात, आजारच तसा आहे. आजार आहेच. पण बऱ्याच रुग्णांचं वजन आपण नळीतून पाणी देऊन उतरवतो, हे मला ठामपणे म्हणायचंय.

हिशेब करून बघा. ५० किलोच्या माणसाला दिवसाला किलोमागे २५ ते ३० कॅलरी लागतात, म्हणजे १२५० ते १५००. प्रथिनं किलोमागे किमान १ ग्रॅम आणि जमलं तर दीड, म्हणजे ५० ते ७५ ग्रॅम. आणि नळीतून जातं काय? भाताची पेज, डाळीचं वरचं पाणी, शहाळं, टोमॅटोचं सार, मोसंबीचा रस. पातळ पेजेच्या ग्लासात तांदूळ असतो जेमतेम १० ग्रॅम, कॅलरी ३५. शहाळ्याच्या ग्लासात ४०-५०. असे आठ ग्लास दिले तरी बेरीज चारशे-पाचशेच्या वर जात नाही आणि प्रथिनं तर नावालाच. तक्त्यावर मात्र ‘फीड (म्हणजे नळीतून दिलेलं अन्न) १६०० मिली’ अशी नोंद होते, आणि बघणाऱ्याला वाटतं माणूस पोटभर जेवला. ‘पातळ म्हणजे पचायला हलकं’ या समजुतीने माणूस भरल्या पोटी उपाशी राहतो.

म्हणून इंटर्न मंडळी, ‘काय काय देता?’ असं विचारून थांबू नका. ‘सगळं देतो, दर दोन तासांनी देतो’ हेच उत्तर येणार. २०० मिलीचा ग्लास, १५० मिलीची वाटी आणि ५ मिलीचा चमचा पिशवीत ठेवा, समोर मांडा आणि मग विचारा: मावशी, काल सकाळी उठल्यावर पहिलं काय दिलंत? दूध या ग्लासात कुठपर्यंत? त्यात पाणी किती घातलंत? डाळ किती शिजवलीत? आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, गाळणीवर काय उरलं?

खरी चोरी गाळणीवरच होते. नळी तुंबेल या भीतीने घरचे खिचडी मिक्सरमधून जेमतेम एकदा फिरवतात आणि चहाच्या गाळणीतून गाळतात. डाळ-तांदूळ, गाजर, अंडं सगळं वर राहतं, ते कचऱ्यात जातं, आणि रुग्णाला मिळतं खाली आलेलं पिवळं पाणी. गाळायचं जरूर, पण आधी डाळ-तांदूळ तासभर भिजवून कुकरला नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त द्यायच्या आणि कोमट असतानाच मिक्सरमध्ये दोन-तीन मिनिटं फिरवायचं. गाळणीवर चमचाभरापेक्षा जास्त उरलं तर पुन्हा मिक्सरमध्ये घालायचं.

रोजच्या वापराचा एक फीड सांगते. सायीसकट १५० मिली दूध, पाणी न घालता. १० ग्रॅम नाचणी सत्त्व त्यातच शिजवून. १५ ग्रॅम स्किम्ड दूध पावडर, २ लहान चमचे साखर, १ लहान चमचा तेल. उकळलेलं पाणी घालून २०० मिली करा. यात सुमारे ३०० कॅलरी आणि १०-११ ग्रॅम प्रथिनं बसतात. दिवसभर सगळं दुधाचंच दिलं तर काहींना जुलाब होतात, म्हणून एकाआड एक खिचडीचा फीड द्यावा: २० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम मूगडाळ, २ चमचे तेल, चालत असेल तर पूर्ण उकडलेलं अंडं त्यातच वाटून. कच्चं अंडं कधीही नाही. मधुमेह किंवा किडनीचा त्रास असेल तर प्रमाण आहारतज्ज्ञांकडून बदलून घ्या.

परळ-दादरच्या धर्मशाळांत उतरलेल्या कुटुंबांकडे बऱ्याचदा मिक्सर नसतो. तिथे मोड आणलेल्या धान्याचं पीठ हुकमी पडतं. नाचणी रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, उन्हात वाळवा, अगदी हलकी भाजून दळा. जास्त भाजलीत तर मोडातलं अमायलेज, म्हणजे पिठूळपणा मोडून खीर सैल करणारं एन्झाइम, मरतं आणि सगळा खटाटोप वाया जातो. घट्ट खीर शिजवून गॅसवरून उतरवा, वाफ जरा निवली की त्यात हे पीठ एक चमचा घालून ढवळा. काही मिनिटांत खीर आपोआप सैल होते, पाण्याचा थेंबही न घालता. मग एक उकळी काढून गाळा. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९८०च्या दशकात लहान मुलांच्या आहारासाठी या पद्धतीवर काम झालं. नळीसाठीही ती तितकीच चोख आहे.

फीड देताना रुग्ण बसलेला हवा, निदान पाठ ३० ते ४५ अंश वर. संपल्यावर अर्धा-पाऊण तास आडवं करायचं नाही. आधी नाकाजवळची नळीवरची खूण जागेवर आहे का बघा. ती सरकली असेल तर फीड द्यायचाच नाही, सिस्टरांना दाखवायचं. ५० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढून टाका आणि फीड आपल्या वजनाने उतरू द्या, २०० मिलीला १५-२० मिनिटं. दट्ट्याने ढकललं की उलटी होते आणि ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. मध्येच खोकला किंवा धाप लागली तर ताबडतोब थांबवा. फीडच्या आधी आणि नंतर ३० मिली पाणी. नळ्या तुंबतात त्या बहुतेक वेळा हे पाणी चुकवल्याने किंवा गोळ्यांची पूड फीडमध्ये मिसळल्याने. गोळी वेगळी कुटून, पाण्यात विरघळवून द्या, आणि कुटण्याआधी विचारा, काही गोळ्या कुटायच्या नसतात. तुंबलीच तर कोमट पाण्याने हलकेच आत-बाहेर करा. तार किंवा काडी घालू नका.

साखरेबद्दल. ‘साखर कॅन्सरला खायला घालते’ या फॉरवर्डमुळे साखर, गूळ, केळं, कधी कधी भातसुद्धा बंद होतो. बाहेरून कमी मिळालं की शरीर स्वतःचे स्नायू मोडून रक्तातली साखर राखतं. गाठ उपाशी राहत नाही, माणूस राहतो. मधुमेह नसलेल्या, वजन उतरत चाललेल्या रुग्णाची साखर तोडणं मला क्रूरपणा वाटतो.

प्रोटीन पावडरचा डबा महाग, म्हणून तो पुरवून पुरवून वापरतात: लेबलवर सहा चमचे लिहिलेत तिथे दोन. त्यापेक्षा दूध पावडर आणि डाळ्याचं बारीक पीठ पूर्ण प्रमाणात घातलेलं बरं.

एक धोका मात्र इंटर्ननी पक्का लक्षात ठेवावा. पाच-सहा दिवस पोटात जवळपास काही गेलेलंच नसेल तर पहिल्याच दिवशी १५०० कॅलरी ओतू नका. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने खाली येतं, हृदयावर बेतू शकतं. वरिष्ठांना सांगून रक्त तपासा, थायमिन (जीवनसत्त्व बी-१) सुरू करा आणि किलोमागे १० कॅलरींपासून हळूहळू वर न्या.

आणि रुग्णालयांना एक कळकळीची विनंती. आहारतज्ज्ञांना रेडिएशनच्या पहिल्या दिवसाआधी बोलवा, वजन सहा किलो उतरल्यावर नाही. वजन घटलं की रेडिएशनच्या वेळी डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर मापाने बसवलेला मास्क सैल होतो, नेम चुकण्याचा धोका निर्माण होतो, कधी सगळं प्लॅनिंग नव्याने करावं लागतं. दर आठवड्याला त्याच काट्यावर, त्याच वेळी वजन घ्या, आणि महिन्यात पाच टक्के उतरलं तर फीडचं प्रमाण त्याच दिवशी बदला.