हिपॅटायटिस बी : प्रत्येक ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे आजार नव्हे

‘हिपॅटायटिस बीच्या रिपोर्टमध्ये काहीही पॉझिटिव्ह आलं तर आजार आहे, लगेच औषध सुरू करा’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. कृपया पुढे पाठवू नका.

नेमकं काय पॉझिटिव्ह आलंय, ते आधी बघा. एचबीएसएजी (HBsAg) हा यकृताला बाधा करणाऱ्या हिपॅटायटिस बीच्या विषाणूचाच भाग. तो सापडला तर बहुधा संसर्ग आहे. ६ महिन्यांहून जास्त टिकला तर जुनाट समजतात. तरी औषध सगळ्यांनाच लागत नाही, ते विषाणूचं प्रमाण आणि यकृताची स्थिती पाहून ठरतं. अँटी-एचबीएस मात्र संरक्षण देणारी प्रतिपिंडं. लस घेतलेल्याच्या रिपोर्टमध्ये ती १० mIU/mL किंवा जास्त असतील तर उलट चांगलंच!

खरा गोंधळ होतो अँटी-एचबीसीचा, म्हणजे विषाणूच्या गाभ्याविरुद्धच्या प्रतिपिंडांचा. लशीमुळे ती तयार होत नाहीत. ती आढळली तर विषाणूशी कधीतरी गाठ पडली असावी. केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यायची असतील, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. शांत बसलेला विषाणू पुन्हा उसळू शकतो.

आणि हो, लस घेतल्यावर दोन-तीन आठवड्यांत तपासणी केली, तर लशीतलाच एचबीएसएजी रिपोर्टमध्ये दिसू शकतो.