कूलरला वास येतोय, काय करावे?

जुळे सोलापुरात आमच्या भागाचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. तो निघाला पाण्यासाठी. नळाला पाणी चार दिवसांनी येणार की पाच, पहाटे साडेतीनला येणार की भर दुपारी, हे फक्त चावीवाल्याला आणि परमेश्वराला ठाऊक असतं, आणि दोघंही फोन उचलत नाहीत. म्हणून ज्याच्या नळाला आधी धार लागेल त्यानं ग्रुपवर ‘आलं’ एवढं लिहायचं, असं ठरलं. बाकी काही लिहायचं नाही.

पण चार माणसं जमली की गप्प कोण बसणार? ‘आलं’च्या खाली कुणीतरी विचारलं, चांगला प्लंबर आहे का. प्लंबरवरून गोष्ट टाकीवर गेली, टाकीवरून शेवाळ्यावर आणि शेवाळ्यावरून, कशी कोण जाणे, केसगळतीवर. आता तिथं कशाचीही विचारणा होते. कडक भाकरी अमेरिकेला पाठवली तर किती टिकेल, सातबाऱ्यावर आजोबांचं नाव चुकलंय, गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत गाडी कुठं लावावी, मुलीला सायन्सला घालावं का. ‘आलं’ मात्र हल्ली कुणी लिहीत नाही. ज्याच्याकडे येतं, तो आधी मोटर लावतो.

ग्रुप चालवतात एक निवृत्त मास्तर. त्यांना सगळे सर म्हणतात. मानधन नाही, चहा नाही, सुट्टी नाही. उलट सकाळी उठून रात्रीची भांडणं पुसायची. व्हॉट्सअ‍ॅपनं ग्रुपची मर्यादा २५६ वरून ५१२ केली आणि २०२२ सालीच पुढे १०२४ केली, तेव्हा सरांनी कपाळाला हात लावला. कारण २५६ होते तोवर ‘जागा नाही हो’ म्हणून सांगता यायचं. २०२१ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं निकाल दिला की, सभासदानं काही भलतंसलतं टाकलं तर केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही. त्या बातमीचं कात्रण सरांनी लॅमिनेट करून पाकिटात ठेवलंय. पण पलीकडच्या गल्लीतल्या वैनींना हा निकाल मान्य नाही. ग्रुपवरच्या कुणाचं तरी ऐकून त्यांचं इडलीचं पीठ बिघडलं, तेव्हा त्या पातेलं घेऊन सरांच्याच दारात उभ्या होत्या.

अशा ग्रुपवर मी एप्रिलमधल्या एका दुपारी लिहिलं: ‘कूलरला नवीन गवत घातल्यापासून माशासारखा वास येतोय. काय करावे?’

पारा त्रेचाळिसाच्या घरात होता. त्या वेळी आख्खं सोलापूर दारं लावून फरशीवर पालथं पडलेलं असतं. मात्र हातात मोबाईल असतो.

पहिलं उत्तर आलं, ‘आमच्याही कूलरला येतोय.’ त्याखाली ‘आमच्याही’, त्याखाली ‘सेम’, त्याखाली नुसताच वर केलेला हात. ही उत्तरं नव्हेत, ही हजेरी. पण ती लागल्याशिवाय आमच्याकडे वर्ग सुरू होत नाही.

मग विचारणा झाली, ‘कोणत्या कंपनीचा?’ हा प्रश्न विचारणारा प्रत्येक ग्रुपवर असतोच. फ्रिज असो, पंखा असो, गुडघेदुखीची गोळी असो; तो कंपनी विचारतो, आपण सांगतो, तो ‘हं’ लिहितो आणि अंतर्धान पावतो. या वेळी फरक इतकाच की विचारणारे आमचे हे होते. शेजारच्या खोलीत, त्याच कूलरच्या वाऱ्यात पाय पसरून. कूलर त्यांनी स्वतः पसंत करून आणलेला. मी इथूनच ओरडून कंपनी सांगितली. तिकडून ग्रुपवर ‘हं’ आलं.

त्यानंतर उपायांची रीघ लागली. टाकीत कापूर टाका. कडुलिंबाचा पाला टाका. लिंबाच्या साली टाका. एकानं वाळ्याचं अत्तर टाकायला सांगितलं. त्यानं स्वतः टाकून पाहिलं होतं. गुण काय, विचारल्यावर म्हणाला, ‘वास आहे तोच, पण आता लग्नघरातला वाटतोय.’ अण्णांचा व्हॉइस मेसेज आला. अण्णा कधी लिहीत नाहीत. मराठीत सुरू करतात, मध्येच घरातल्या कुणाला तरी तेलुगूत दटावतात, परत मराठीत येतात. उपाय त्यांनी नक्की सांगितला असणार, कारण शेवटी ‘बस, एवढंच करा, शंभर टक्के जातंय’ हे स्पष्ट ऐकू आलं. त्याआधीचं सगळं मागं घरघरणाऱ्या त्यांच्याच कूलरनं गिळलं होतं.

गाव सोडून गेलेले पण ग्रुप न सोडलेले काहीजण असतात. त्यातल्या डोंबिवलीच्या काकांनी लिहिलं, ‘कूलर ही मुळातच फसवणूक आहे. आम्ही इथं वापरून पाहिला, नुसता चिकचिकाट. एसी घ्या.’ त्यांच्यापुरतं खरंच होतं ते. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता खर्ची पडते, म्हणून कूलरचा वारा गार. डोंबिवलीच्या हवेत आधीच इतकी वाफ की तिला आणखी घ्यायला जागाच नसते. सोलापूरचा एप्रिल निराळा. इथं जाडजूड सोलापुरी टॉवेल पिळून दोरीवर टाकावा आणि दुसरा पिळायला वळावं, तोवर पहिला खडखडीत. एवढंच की कूलर लावल्यावर एखादी खिडकी उघडी ठेवावी लागते, नाहीतर ओली हवा कोंडून डोंबिवली घरातच अवतरते. हे मी काकांना समजावून लिहिलं. त्यावर काकांनी अंगठा दाखवला आणि खाली लिहिलं, ‘तरी एसीच घ्या.’

हल्ली आणखी एक नवी जात निघालीय. ही मुलं प्रश्न उचलतात, एआयला विचारतात आणि उत्तर जसंच्या तसं आणून चिकटवतात. कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या मुलानं तसंच केलं. ‘आपला प्रश्न अत्यंत महत्त्वाचा आहे. कूलरमधून येणारा मत्स्यगंध ही एक सामान्य समस्या असून...’

मत्स्यगंध हा शब्द अप्पांच्या नजरेस पडायला नको होता. अप्पा कीर्तनाला जातात आणि त्यांना झोप कमी आहे. त्यांनी लगेच सत्यवतीची जन्मकथा टाकली. मग पराशर आले, नाव आली, धुकं आलं, दुर्गंध जाऊन योजनभर सुगंध कसा पसरला ते आलं. तो सुगंध कसा आणला एवढं कळलं असतं तर माझं काम झालं असतं, पण अप्पा तोवर शंतनूपाशी पोचले होते. चार वाजता ग्रुपवर भीष्मानं प्रतिज्ञा करायला हवी होती की नको यावर दोन तट पडले. हजेरी लावणारे सगळे भीष्माच्या बाजूनं. आमच्या ह्यांनी ‘हं’ लिहिलं.

या गोंधळात आरोग्य खात्यात काम करणाऱ्या एका ताईंचा मेसेज आला. ‘कूलर आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामा करा, घासा, वाळवा. डेंगीचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. कोरडा दिवस पाळा.’ दिवसभरात आलेला पहिला शहाणा सल्ला. त्याच्यावरच सगळे तुटून पडले.

‘कोरडा दिवस? ताई, आमच्याकडे पाचातले चार कोरडेच असतात.’

‘पाचवा पण मागच्या खेपेला कोरडाच गेला.’

त्यांचंही काय चुकलं म्हणा. कूलरच्या टाकीत पन्नास-साठ लिटर पाणी मावतं. टाक्या, पिंपं, हंडे, कळश्या, दह्याचे रिकामे डबेसुद्धा भरून ठेवणाऱ्या गावात ते पाणी मोरीत ओतायचं म्हणजे हात धजत नाही. मी ते बादलीनं उपसून जास्वंदीला घालते. जास्वंद काही बोलत नाही. पण ग्रुप बोलायला लागला होता. आता कूलर नाही, भीष्म नाही. उजनी आली, समांतर जलवाहिनी आली, मग ती कुणामुळे रखडली हे आलं, आणि पक्षांची नावं दिसताच सरांनी ‘फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात’ हे बटण दाबलं. सोलापुरात १९३० साली मार्शल लॉ लागला होता. अप्पा म्हणतात, दुसऱ्यांदा लागतो तो सर चिडल्यावर.

बंदी उठली ती अप्पांच्या फॉरवर्डनं. कूलरच्या हवेनं म्हणे रक्त घट्ट होतं. वर दोन बाणांची खूण, म्हणजे मेसेज गावभर हिंडून आलेला. असले मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतात, असं २०२० साली व्हॉट्सअ‍ॅपनं केलं, ते अप्पांसारख्यांना आवर घालायलाच. पण अप्पांना कुठं घाई आहे? ते एकेका ग्रुपवर सावकाश, माळ ओढल्यासारखे पाठवत बसतात.

कुणाला ‘मला माहीत नाही’ म्हणताच येत नाही, ही आमची मूळ अडचण आहे. आपल्या दारी आलेल्या माणसाला तसंच परत पाठवायचं का, असं वाटतं. सात रस्त्याला उभं राहून एखादा पत्ता विचारून पाहा. सातही रस्ते प्रेमानं दाखवणारे भेटतील. एकजण गाडीवर बसवून सोडायलासुद्धा येईल, आणि मग तिथं उतरून दोघं मिळून विचारपूस करतील. या प्रेमाला मी नावं ठेवत नाही. फक्त कूलरचा वास त्यानं जात नाही.

रात्री नऊच्या सुमाराला एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

‘ताई, ते कूलरचं तुम्हीच टाकलाव का?’

बोलणारा ग्रुपमधलाच. कूलर, पंखे, मोटरी दुरुस्त करणारा. डीपीला सिद्धेश्वराचं मंदिर. आजवर ग्रुपवर अवाक्षर नाही. त्यानं आधी विचारलं, गवत घालायच्या आधी धुतलं होतं का. नव्हतं. टाकीत बोअरचं पाणी का? हो. ‘फळी काढून बघा की जरा. मी थांबतो.’

मी फोन स्पीकरवर ठेवून कूलरची मागची फळी काढली. वरच्या पन्हाळीतली पाण्याची निम्मी भोकं बुजलेली. त्यामुळे मधलं गवत काळपट, गच्च भिजलेलं. कडेचं कोरडं, आणि त्यावर बोअरच्या पाण्याची पांढरी खार चढलेली. बोटानं दाबली तर कचकन मोडून टाकीत पडायची. वास मधल्या गवताला होता, नाक जवळ न नेताही कळत होता.

‘नवं गवत भिजलं की दोन-चार दिवस वास मारतंयच,’ तो म्हणाला. ‘पण तुम्ही सकाळी बटण बंद करताव, पंखा-पंप दोन्ही एकदम. मग ओलं गवत आत कोंडतंय, कुजतंय. आधी पंप बंद करा. पंखा चालू राहू द्या अर्धा-पाऊण तास. गवत वाळलं की मग पंखा बंद. भोकांत तार घाला. टाकी घासून घ्या, खार निघाली नाही तर लिंबूसत्त्व कोमट पाण्यात कालवून लावा. आणि आता ते गवत काढून, धुवून, उन्हात टाका. आपल्याकडं उन्हाला काय तोटा?’

एवढंच. भीष्माचा कुठं उल्लेख नाही.

मी म्हटलं, ‘अरे, मग दुपारी ग्रुपवर का नाही लिहिलंस?’

तो हसला. ‘लिहिलो होतो की एकदा. पंख्याचा कपॅसिटर गेलाय म्हणून सांगितलो. एकजण म्हणाला, यूट्यूबवर वेगळं सांगितलंय. दुसऱ्यानं शिक्षण विचारलं. आणि रात्री दीड वाजता एका काकांचा फोन. मी म्हटलो, कुणी गेलं का काय. तर म्हणे, फ्रिजमधली लाईट दार लावल्यावर खरंच बंद होती का?’

‘मग तू काय सांगितलंस?’

‘काय सांगणार ताई, आत बसून बघितलंय का कधी कुणी? तवापासून वाचतो सगळं, लिहीत नाही काय. बायकोपण म्हणती, गप बस, फुकटचा घरगडी होशील.’

आमच्या ग्रुपवर ज्याला येतं तो असा फोन करतो, तोही रात्री, आवाज बारीक ठेवून. इडलीच्या पिठाचं खरं कारणही त्या वैनींना एका आजींनी भाजी मंडईत बाजूला घेऊन सांगितलं, म्हणे. मास्तरांच्या ग्रुपवर सगळं गाव बोलतं आणि माहिती मात्र खासगीत मिळते.

मी विचारलं, तुझं नाव न घेता टाकू का ग्रुपवर? बाकीच्यांचीही सोय होईल.

‘टाका की. पण नीट लिहा. पंप बंद, पंखा चालू. मागं एकाला मी तोंडी सांगितलो, त्यानं उलटं केलं. पंखा बंद आणि पंप रात्रभर चालू. खालच्या मजल्यावर पाणी गेलं. वर मलाच म्हणतो, वास गेला नाही.’

दुसऱ्या दिवशी गवत गच्चीवर वाळत घातलं आणि मुद्देसूद, ठळक अक्षरांत सगळं लिहिलं. पंप बंद, पंखा चालू हे दोनदा. सरांनी तो मेसेज वर पिन केला आणि मला खासगीत हात जोडल्याची खूण पाठवली. बहुधा त्यांच्या कारकिर्दीत पिन करण्याजोगं फारसं काही आलेलं नव्हतं.

लगेच प्रतिसाद सुरू झाले.

‘आमच्याही कूलरला येतोय.’

‘छान माहिती. पण हे कुणी सांगितलं? त्यांचा नंबर द्या.’

‘आमच्याकडे एसी आहे. त्यातलं गवत कुठून काढायचं?’

शेजारच्या खोलीत आमच्या ह्यांचा मोबाईल वाजला. ते उठून बसले, चष्मा लावला आणि टाईप करायला लागले, ‘कोणत्या कंपनीचा?’