डायरी होती, पण नातेवाईकांसाठी नव्हती

परवा एका ग्रुपवर नेहमीचं दळण सुरू झालं, हल्ली लोकं घरातलं सगळं नेटवर मांडतात, काही लाजच राहिली नाही, आमच्या वेळी असं नव्हतं वगैरे. अहो, आमच्या वेळी ह्याच्या दुप्पट मांडायचे! फक्त वाचायला आत्या नि काका नव्हते.

जस्टिन हॉल नावाचा पोरगा होता, अमेरिकेत स्वार्थमोर कॉलेजात शिकणारा. त्याने जानेवारी १९९४ मध्ये स्वतःचं वेबपेज काढलं. तेव्हा गूगल नाही, ब्लॉग हा शब्दसुद्धा नाही. आधी बऱ्यापैकी लिंकाच असायच्या, मग १९९६ पासून रोजची डायरी, आणि डायरी म्हणजे कसली, वडिलांची आत्महत्या (हा तेव्हा आठ वर्षांचा), प्रेमप्रकरणं, सगळं उघडं. तिकडे टोरांटोत कॅरोलिन बर्कने १९९५ च्या जानेवारीत डायरी सुरू केली. हे सगळं हाताने एचटीएमएल, म्हणजे वेबपानाचा कोड, लिहून चढवायचं बरं का. एवढा खटाटोप करून माणूस खोटं कशाला लिहील? (लिहीत असतीलही, माणसंच ती.)

मग ऑक्टोबर १९९८ ला ब्रूस एबलसनने ओपन डायरी नावाची, कोणालाही डायरी लिहिता येईल अशी साइट काढली आणि माझ्या मते खरा बदल तिथे झाला, कारण तिथे वाचणाऱ्याला खाली उत्तर लिहिता यायचं. आज कमेंट म्हणजे भांडण असं समीकरण झालंय, पण विचार करा, तुम्ही रात्री रडत काहीतरी लिहिलंय आणि सकाळी कोणीतरी, ज्याचं खरं नावही तुम्हाला माहीत नाही, त्याने लिहिलंय की माझंही असंच झालं होतं. घरच्यांकडून हे मिळत नाही. घरचे सल्ला देतात.

१९९९ मध्ये तर अशा साइटींची रांगच लागली. एप्रिलमध्ये लाइव्हजर्नल, ऑगस्टमध्ये ब्लॉगर, सप्टेंबरमध्ये डायरीलँड. ब्रॅड फिट्झपॅट्रिकने लाइव्हजर्नल केलं ते शाळेतल्या मित्रांची खबरबात कळावी म्हणून, म्हणजे ओळखीच्यांसाठीच, पण त्यात कुलूप होतं. ही पोस्ट सगळ्यांना, ही फक्त मित्रांना, ही फक्त मला. शिवाय आजचा मूड काय, आत्ता कुठलं गाणं ऐकतोय तेही टाकायचं. गंमत म्हणजे गर्दीने त्याचे सर्व्हर दमायला लागले म्हणून त्याने २००३ मध्ये मेमकॅश्ड नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं आणि पुढे ते ह्याच फेसबुकने धो धो वापरलं. त्याचं सॉफ्टवेअर घेतलं, कुलूप मात्र आपण कोणी लावत नाही.

ओळखीचे आले की काय होतं ते २००२ मध्येच दिसलं होतं. हेदर आर्मस्ट्राँग डूस नावाने ब्लॉग लिहायची, त्यात ऑफिसातल्या लोकांबद्दल लिहिलं, कोणीतरी निनावी मेल करून साहेबांना कळवलं, नोकरी गेली. नंतर ब्लॉगमुळे नोकरी जाण्याला इंग्रजीत 'डूस्ड' असंच म्हणायला लागले. आणि जस्टिन हॉल, ज्याने अकरा वर्षं सगळं उघड लिहिलं, त्याने जानेवारी २००५ मध्ये एक रडतानाचा व्हिडिओ टाकला आणि ते रोजचं लिहिणं थांबवलं. आपल्या लिहिण्याने जवळची माणसं दुरावतात असं त्याला वाटायला लागलं होतं. मला तो व्हिडिओ बघवला नव्हता.

आपल्याकडे ही लाट जरा उशिरा आली, बराहा वगैरे सॉफ्टवेअरवर मराठीत टाइप करायला लागलो तेव्हा. मीही २००७ मध्ये ब्लॉगस्पॉटवर टोपणनावाने लिहायचे, सासरबद्दल, ऑफिसबद्दल, एका गर्भपाताबद्दलही. वाचणारे मोजून पंधरावीस, त्यातल्या एकीलाही मी आजवर भेटलेले नाही. मग एक दिवस खाली कमेंट आली, "छान लिहितेस गं, आईला पण वाचून दाखवलं." मावशी.

ब्लॉग अजून आहे. त्या कमेंटच्या आधी माझं आयुष्य आहे, नंतर दोन वर्षं नुसत्या कोकण ट्रिपा आणि अळूवड्या.