मुक्काम ओढ्याकाठी नको

अमेरिकेतील सार्वजनिक वनजमिनीवर, जिथे नळ, शौचालय वा आखून दिलेली जागा नसते, तंबू ठोकून राहण्याविषयीचा एक लेख वाचला; तो उपयुक्त आहे. मात्र दरीच्या तळाशी ओढ्यालगतचे सपाट गवत मुक्कामास सर्वोत्तम, हे त्यातील विधान मला पटले नाही. सूर्यास्तानंतर उतारांवरील थंड, जड हवा खाली सरकत तळाशी साचते, त्यामुळे तिथे दव अधिक पडते आणि पहाटेपर्यंत तंबू आतूनही ओलसर होतो. त्याऐवजी थोडे वर चढून एखाद्या सपाट टप्प्यावर राहिल्यास रात्र बरीच सुसह्य जाते. शिवाय आपल्या डोक्यावर आभाळ निरभ्र असतानाही वरच्या अंगाला झालेल्या पावसाने ओढा अचानक फुगू शकतो. पाण्यापासून सुमारे ६० मीटर दूर राहावे, हा तिथला रूढ संकेत पाणी स्वच्छ राहावे म्हणून आहेच, पण रात्री पाण्यावर येणाऱ्या प्राण्यांची वाटही त्यामुळे मोकळी राहते. शौचासाठी १५ ते २० सेंटीमीटर खोल खड्डा खणावा, हे लेखात यायला हवे होते (हा विषय टाळण्याचा संकोच अनाकलनीय आहे). १४ दिवसांची मुक्काममर्यादा बहुतेक ठिकाणी असली, तरी ती सर्वत्र सारखी नाही, आणि शेकोटीवरील बंदी तर कोरड्या हंगामात ऐनवेळी लागू होते. त्यामुळे निघण्यापूर्वी संबंधित वनकार्यालयाकडे चौकशी करावी.